मागच्या कोपऱ्यातली पिशवी

हैबतीनं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मनगटापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. बोटं बंडीला पुसली. मग पुन्हा घातला. या खेपेला दात आवळून त्यानं निळ्या पिशवीचं टोक धरलं आणि बर्फातून खर्रकन ओढून ती ओट्यावर टाकली. पिशवीत गारगोट्या भरल्यासारखा आवाज झाला.

"ही भाजी," तो स्वतःशीच म्हणाला. "हिला हानली तर मानूस मरंल."

ओट्यावर मोबाईल होता. सून प्रगती सकाळी जाताना त्याला हिरवं चिन्ह दाखवून गेली होती. इथं बोट ठेवायचं की मी बोलायला लागते, एवढं सोपं.

त्यानं बोट ठेवलं.

*मेसेज पहिला*

"आबा, मी प्रगती. मला आज उशीर होणार, कचेरीत साहेब आलेत. शुभ्राला क्लासवरून मीच घेऊन येते, आठपर्यंत पोचतो आम्ही. वरच्या कप्प्यात निळी पिशवी आहे बघा. मटार, गाजर, मका, घेवडा, सगळं कापलेलं आहे. धुवायचीसुद्धा गरज नाही. तांदूळ खालच्या डब्यात. अर्ध्या तासात होतं, घाई करू नका. आणि तूप-बीप काही शोधू नका, शुभ्राचं माहितीये ना."

माहीत होतं. भोरातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दूध नव्हतं, दही नव्हतं, ताक नव्हतं. चहासुद्धा कोरा. शुभ्राच्या पोटात दुधाचा थेंब गेला की अंगभर गांधी उठायच्या, डोळे सुजायचे. पासलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात चार घरांची वस्ती. तिथं जन्म काढलेल्या, पन्नास वर्षं धारा काढून बोटं वाकडी झालेल्या हैबतीच्या एकुलत्या नातीला दूध चालत नव्हतं. देवानं कुठंतरी बसून ही गंमत केली असणार, आणि त्याचं त्यालाच हसू येत असणार.

आजचं प्रकरण कालच्या जेवणात सुरू झालं होतं. हैबतीनं, चैत्रापासून रोज एकदा काढायचा तसा, वस्तीचा विषय काढला. शेजारच्या चिमाजीकडं ठेवलेल्या दोन म्हशी. खाचरातला भात आता निसवला असेल. घराचं कूड पावसानं खचलं असेल.

"तितं एकटं राहून खानार काय तुमी?" त्याचा मुलगा सूरज म्हणाला.

"काय म्हंजी? करून खाईन."

"आईनं तुमाला कदी चुलीम्होरं बसू दिलं?"

"तुजी आई घरात याच्या आदी बी म्या जेवतच हुतो. उन्हाळ्यात गुरं घेऊन म्हैना म्हैना पान्यावर राह्यचो. तितं काय हाटेल हुतं?"

सूरज हसला. शिरवळच्या कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्याला पैजा लावायची सवय लागली होती. "मंग उद्या करून दाखवा. चौघांचं. प्रगती पास म्हनली, तर दिवाळी झाल्यावर म्या सोता सोडतो पासलीला. नापास म्हनली, तर पुन्ना वस्तीचं नाव काडायचं न्हाई."

"मला कशाला मधे ओढता?" प्रगती म्हणाली.

"या घरात तूच एकली खरं बोलतीस."

आबांच्या ताटात तिनं न विचारता आणखी अर्धी भाकरी ठेवली, आणि हैबती त्या अर्ध्या भाकरीकडं बघत म्हणाला, "लावली पैज."

*मेसेज दुसरा आणि तिसरा, एकामागून एक*

"आबा, तांदूळ दोन वाट्या हं. दोनदा धुवा. पाणी वाटीनंच मोजा."

"आणि गॅसचं बटण आधी दाबायचं, मग फिरवायचं. लायटर लांबून धरा. कुकर जमत नसेल तर पातेल्यात करा, पण झाकण ठेवा."

हैबतीनं मोबाईल पालथा घातला.

तांदूळ धुवायचं शिकवते! ज्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहून त्यानं तो लावला, ज्याची लोंबी त्यानं दातानं फोडून पाहिली, तो तांदूळ. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मोबाईल पुन्हा एकदा वाजला, टिंग.

"वाज," तो म्हणाला आणि कांदा चिरायला घेतला.

कुकर त्यानं हाती धरलाच नाही. कुकरची शिट्टी झाली की त्याला अजून वाटायचं, आता गोठ्यात काहीतरी बुजणार. त्यानं मोठं पातेलं घेतलं. तेल ओतलं. लसूण सोलला नाही. साल, पाकळी सगळं बत्त्याखाली ठेचलं. कांदा, लसूण, हळद, आणि बरणीतला कांदा-लसूण मसाला एक मूठ. खमंग वास उठला तसा हात आपोआप डाव्या बाजूला गेला, जिथं वस्तीवरच्या घरात तुपाचा गडवा असायचा. तिथं इथं मिक्सर होता. हात मागं आला.

मग त्यानं निळी पिशवी फोडली.

तळहातावर थोडं घेतलं. गाजराचे चौकोनी तुकडे, सगळे एका मापाचे, फासे असल्यासारखे. मक्याचे दाणे. मटार. त्यानं हात नाकाशी नेला. कसलाच वास नाही. एक मटार तोंडात टाकला. तो जिभेवर नुसता थंड पडून राहिला.

या असल्या भाजीवर पास व्हायचं?

तो पुन्हा फ्रीजपाशी गेला. वरच्या कप्प्यात अजून काय काय कोंबलेलं होतं. बर्फाचे ट्रे, कसल्यातरी पाकिटात कढीपत्ता, शुभ्राच्या पेप्सीकोल्याच्या नळ्या. त्यानं सगळं बाजूला सारलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. अगदी मागं, भिंतीला चिकटून, एक पांढरी पिशवी होती. वर पारदर्शक चिकटपट्टी, पट्टीखाली कागदाचा तुकडा, कागदावर काहीतरी लिहिलेलं. लिहिलेल्याशी हैबतीचं कधी देणंघेणं नव्हतं. त्यानं पिशवी उजेडात धरली.

पावटा.

आत एकच गोळा झालेला होता, दगडासारखा. पण बर्फाच्या पापुद्र्याखाली ते हिरवट-पांढरे दाणे अन् दाण्याच्या डोक्यावरची ती रेघ, ती काय लपते?

"आगं तुज्या!" तो मोठ्यानं म्हणाला. "हितं पावटा हाय आन् ही मला मका खाऊ घालती!"

बाजारातनं आणला असेल, विसरली असेल. शहरात वस्तू विसरायला पण पेट्या असतात. त्यानं पातेल्यात पाणी ओतलं, आधण यायला लागलं तसा तो गोळा ओट्यावर दोनदा आपटला, फुटला नाही तेव्हा तसाच पाण्यात सोडला, आणि वर ताट झाकलं.

तांदूळ त्यानं दोनदा धुतला. तिनं सांगितलं म्हणून नव्हे.

ताट उचललं तेव्हा पावट्याचा वास आला, किंचित कडवट, ओल्या मातीच्या जवळचा. गोळा सुटला होता, दाणे उकळीबरोबर खालीवर होत होते. आणि त्यांच्या मधे काहीतरी काळं तरंगत होतं.

झुरळ असेल म्हणून त्यानं झारा घातला. झाऱ्यात आला तो कोळसा. करंगळीच्या पेराएवढा, बाभळीचा, एका बाजूला सालीची खूण असलेला.

फ्रीजमध्ये कोळसा कोण ठेवतं?

*मधेच, माघ*

वस्तीवर, चुलीपुढं सुपात शेंगांचा ढीग. हैबतीची बायको धोंडाबाई सोलते आहे. ती पावटा चिरडून सोलत नाही, शेंगेच्या पाठीवर अंगठा फिरवते आणि शेंग आपणहून उघडते. हैबती दारात बसून दोरी वळतो आहे. उद्या शुभ्राचा वाढदिवस, धोंडाबाई पहाटेच्या एसटीनं भोरला जायची आहे. म्हशींसाठी हैबती मागं राहायचा आहे.

"भोरात काय पावटं मिळत न्हाईत व्हय?" तो म्हणतो.

"मिळत्यात. सोलून कोन देतंय?"

"पोरीला खवा न्हे की."

"खवा चालतोय का तिला?" ती वर बघत नाही. "गवळ्याच्या घरातनं नातीला न्याचं काय? दूद न्हाई, खवा न्हाई, तूप न्हाई. सांगा. मोकळ्या हातानं जाऊ?"

तो दोरी वळत राहतो.

दोन पिशव्या भरतात. मग ती चिमट्यानं चुलीतला एक कोळसा बाहेर ओढते, त्याच्यावर पाण्याचे चार थेंब टाकते, चर्र होतं. निवला की फुंकते आणि एका पिशवीत टाकते. दुसऱ्या पिशवीत दुसरा. खायची वस्तू घराचा उंबरा ओलांडून, ओढा ओलांडून, वेस ओलांडून जायची, तर बरोबर कोळसा पाहिजे. वाटेत कुणाची नजर असते, कुणाची वखवख असते. धोंडाबाईनं कोळशाशिवाय कधी कुणाला चटणीसुद्धा दिली नाही.

"एसटीत कंडाक्टरची नजर लागंल," हैबती चिडवतो.

"तुमची लागू नये म्हून टाकला," ती म्हणते. "मगाधरनं सुपाकडं बघताय."

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. शेणाची पाटी डोक्यावर होती, उकिरड्यापाशी बसली, ती बसलीच.

*मेसेज चौथा*

हैबतीनं गॅस बारीक केला. मोबाईल सुलटा केला. हात तेलकट होते, बोट ठरेना. तिसऱ्या वेळी ठरलं.

"आबा, एक राहिलंच. निळ्या पिशवीच्या मागं एक पांढरी पिशवी आहे. चिकटपट्टी लावलेली. ती... ती तेवढी राहू दे हं. बाकी काहीही घ्या."

'ती' म्हटल्यावर प्रगती क्षणभर थांबली होती. मागं कुणीतरी टाईप करत होतं, पंखा फिरत होता, आणि मग ती बोलली होती. हैबतीनं मेसेज पुन्हा लावला. ते थांबणं पुन्हा ऐकलं.

पातेल्यात पावटा अर्धा शिजला होता. गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली तर हाकून बाहेर काढता येतात. पातेल्यातलं काय बाहेर काढणार? तो झारा हातात घेऊन उभा राहिला. माघापासून आश्विनापर्यंत. आठ महिने ती पिशवी तिथं मागं, अंधारात होती, आणि चैत्रापासून तो रोज या स्वयंपाकघरात येऊन पाणी पिऊन जात होता. रोज म्हणत होता की या घरात आपलं काही नाही.

त्यानं कोळसा नळाखाली धरला, पंचाच्या टोकानं पुसला आणि बंडीच्या खिशात टाकला.

मग मात्र तो कामाला लागला. आता बिघडवायची सोय राहिली नव्हती. निळ्या पिशवीतली भाजी त्यानं दोन मुठी घातली, दोनच, पावट्याला दाबणार नाही एवढी. तांदूळ सोडला. तर्जनी उभी धरली. पाणी तांदळावर पहिल्या पेरापर्यंत आलं. मीठ घातलं, पळीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं, आणखी चिमूट घातलं. ताट झाकून ताटात पाणी ओतलं, म्हणजे वाफ आतल्या आत राहते. आणि स्टुलावर बसून तो ताटातल्या पाण्याकडं बघत राहिला, पहिलटकर म्हशीकडं बघतात तसा.

*इथून पुढं मेसेज नाहीत*

सूरज आधी आला. "घर हाय जाग्यावर?" त्यानं दारातूनच विचारलं. "फायरब्रिगेडवाला खाली उबा करून आलोय."

"हात धू," हैबती म्हणाला.

"वास तर झ्याक येतोय. शेजारच्यांचा का आपला?"

हैबती हसला नाही. त्याचे कान जिन्याकडं होते.

प्रगती आली ती शुभ्राचं दप्तर खांद्याला, भाजीची पिशवी कोपरात, एक चप्पल काढलेली. दुसरी काढता काढता ती थांबली. तिनं मान जरा वर केली. पावट्याचा वास काही लपून राहत नाही. तो पडद्यांत जाऊन बसतो. दाराच्या चौकटीला हात टेकवून ती तशीच उभी राहिली, एका पायात चप्पल.

हैबती ओट्यापाशी होता. दोघांची नजरानजर एकदाच झाली.

"म्या फोन उलटा घातला हुता," तो म्हणाला. "मागनं ऐकला."

"बरं," प्रगती म्हणाली. तिनं दुसरी चप्पल काढली, जागेवर नीट ठेवली, आणि मोरीत जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

ताटं मांडली. हैबतीनं वाढलं. भात मऊ झाला होता, दाणा दाण्याला धरून, पण गिच्च नाही. मधे मधे गाजराचे फासे, मक्याचे पिवळे दाणे, आणि सगळीकडं पावटा. वर कच्चं तेल, चिरलेला कांदा, लिंबाची फोड.

"आजोबा, हे काय?" शुभ्रानं एक दाणा बोटात धरला.

"पावटा."

"मी खाल्लाय हा. वाढदिवसाला." तिनं दाणा तोंडात टाकला. "आजीनं केला होता. आजीचा तिखट होता."

"तुजी आजीच तिखट हुती," सूरज म्हणाला आणि पहिला घास घेतला. पुढचं बोलायचं तो विसरला. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्यानं ताट थोडं जवळ ओढलं.

प्रगती खाली मान घालून जेवत होती. ती घाईघाईनं जेवणारी बाई. ताट पुसून सगळ्यांच्या आधी उठायची, मागचं आवरायला. आज ती एकेक दाणा खात होती. पावट्याची साल दातानं सोडवून, गर जिभेवर ठेवून. हैबतीनं स्वतःच्या ताटातला घास उचलला. हाताची चव धोंडाबाईची नव्हती, ती कुठून येणार. पण दाण्याला कुठं नखाची खूण नव्हती. एकाही दाण्याला नव्हती.

"आजून हाय का?" सूरजनं विचारलं.

"हाय की. पोटाला काय कुलूप लावलंय?"

पातेलं खरवडून झालं. शुभ्रानं लिंबाची साल चोखली. सूरजनं ढेकर दिला, मांडी बदलली, आणि आठवण झाल्यासारखा म्हणाला, "हां, मास्तरीणबाई. निकाल सांगा."

प्रगतीच्या ताटात काही उरलं नव्हतं. तिनं तरीही बोटानं ताटाची कड पुसली आणि बोट चाटलं.

"सांग की. खरं बोल."

"पास," ती म्हणाली.

तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

"मग आजोबा जाणार?" शुभ्रानं विचारलं.

सूरज बापाकडं बघत होता. त्याला वाटलं होतं, प्रगती काहीतरी खुसपट काढेल. मीठ कमी म्हणेल, भात मऊ म्हणेल. पैज त्यानं हरायला लावली नव्हती.

"जानार," हैबती म्हणाला. "दिवाळी झाली की."

सूरजनं मान हलवली आणि ताट घेऊन उठला.

मागचं आवरताना प्रगतीनं निळी पिशवी हातात घेतली. अर्धी भरलेली होती. तोंडाला रबर लावून तिनं फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, ती आत सरकवली, आणि तिचा हात मागच्या कोपऱ्यात अडला.

पांढरी पिशवी जागेवर होती. धुतलेली, पुसून कोरडी केलेली, चौपदरी घडी घातलेली. कागदाची चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती, ती दाबून बसवलेली. घडीच्या आत बोटाला काहीतरी टोचलं. तिनं घडी उघडली.

ती कोळशाकडं बघत राहिली. दार उघडंच राहिलं म्हणून फ्रीज टूं टूं वाजायला लागला.

"पट्टीवर काय लिवलंय?" हैबतीनं मागून विचारलं. तो पंचाला हात पुसत उभा होता.

"तारीख आहे, आबा."

"कसली?"

"आई आल्या होत्या ती."

फ्रीज वाजत होता. बाहेरच्या खोलीत शुभ्रा बापाला कसलंसं पाढ्यासारखं म्हणून दाखवत होती.

"पिशवी फाटल्याली न्हाई," हैबती म्हणाला. "म्या उजेडाला धरून बगितली. भात काडला की त्याच खाचरात पावटा टाकतो. वल आसती तवर टाकाय पायजेल. माघाला घेऊन येतो."

प्रगतीनं पिशवीची घडी पुन्हा घातली, कोळसा आत. मग तिनं बर्फाचे ट्रे एकावर एक रचले, कढीपत्ता दाराच्या कप्प्यात टाकला, मक्याची निळी पिशवी पुढं ओढून आडवी केली, आणि मागं दोन पिशव्या मावतील एवढी जागा केली.